दुपट्ट्याखालची कविता

कवीला भाडेकरू ठेवू नका, असं घरमालक एकमेकांना सांगत असतात. कवीचे भाडेकरू होऊ नका, असं मला कुणी वेळेवर सांगितलं नाही. नागपूरच्या लकडगंजात सरांच्या घराखालचा गाळा माझ्याकडे होता. वर ते आणि काकू, खाली मी आणि माझ्या संत्र्याच्या पेट्या. आता घर विकून ते पुण्याला मुलीकडे गेलेत. तिथल्या सोसायटीतल्या लोकांचं काय होत असेल ते तिथल्यांनाच ठाऊक. मी माझं सांगते, कारण माझा राग अजून पुरता गेलेला नाही.

सर एका कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक सकाळी फिरायला जातात, सर कविता गोळा करायला जायचे. गोळा करायला, हा शब्द त्यांचाच. खादीचा झब्बा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत तीन पुस्तकं आणि हातात कायम चालू असलेला फोन. "कविता लिहायची नसते, बाई," ते मला म्हणायचे. "ती पडलेली असते. आपण उचलायची."

"सर, आमच्या मार्केटात दुसऱ्याचं उचलणाऱ्याले वेगळं नाव आहे."

यावर माणूस चिडतो. सर खूश झाले. "थांबा, पुन्हा म्हणा," म्हणाले आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला.

त्यांची पद्धत अशी. सकाळी दूधवाला काय बोलला ती एक ओळ. मग पिशवीतलं पुस्तक डोळे मिटून उघडायचं आणि बोट पडेल ती एक ओळ. मग अजब बंगल्यात, म्हणजे आमच्या म्युझियमात, जाऊन एखाद्या चित्रापुढे उभं राहायचं आणि त्याच्याखालच्या पाटीतले चार शब्द घ्यायचे. परत येताना कुठल्याही दुकानासमोर थांबून जे कानावर पडेल ते. सगळं एकाखाली एक लिहिलं की झाली कविता. एक मला पाठ आहे. पाठ करायची इच्छा नव्हती, पण ऐकून ऐकून झाली:

दूध आज पातळ आहे
सम्राटाने तलवार उपसली
रंग पाण्यात विरघळत नाहीत
सुट्टे द्या

मी विचारलं, "याचा मतलब काय?" सर म्हणाले, "मतलब तुमच्यात होईल." मी आजवर वाट बघते आहे. झालेला नाही.

तर हे सगळं मी ऐकत का होते, हे सांगायला हवं. गाळ्याचा करार नवा करायची वेळ आली तेव्हा मी पूर्ण तयारीने वर गेले होते. मी काटोलच्या बसस्टँडवर टोपलीत संत्री विकून सुरुवात केली आहे. पहिला भाव मान्य करणं मला जमत नाही. छत गळते, शटर अडकते, समोर ट्रक लावायला जागा नाही, अशा सगळ्या तक्रारी मी एका दमात सांगितल्या. सरांनी शांतपणे ऐकल्या, अर्थात फोन चालू ठेवून. मग म्हणाले, "भाडं वाढवत नाही. पण शनिवारी संध्याकाळी तुम्ही वर यायचं आणि मी वाचेन ते ऐकायचं. मधेच उठायचं नाही."

"कितीक वेळ?"

"कविता संपेपर्यंत."

"चहा?"

"चहा."

"फोन आला तं?"

"ट्रकवाल्याचा असेल तर घ्या. स्पीकरवर."

जिना उतरताना मला वाटलं, म्हाताऱ्याला लुटलं. पहिल्याच शनिवारी कळलं की कविता कुठे संपते हे त्यांनाही आधी ठाऊक नसतं. एका कवितेत फक्त श्वास होते. ते दीर्घ श्वास घ्यायचे, सोडायचे, पान उलटायचे. मी काकूंना विचारलं, दम्याचं औषध कुठे ठेवता. दुसऱ्या कवितेत प्रत्येक कडव्याच्या शेवटी ते एक हिरवी मिरची चावत. डोळ्यांतून पाणी येई, नाक वाहे, आणि ते म्हणत, "ही ओळ अशीच वाचावी लागते."

काकू म्हणजे सरांची बायको. त्या घरात बोलत नसत. मुक्या नव्हत्या, माझ्या गाळ्यात येऊन चांगल्या खणखणीत बोलायच्या. पण सर समोर असले की तोंड बंद. मी कारण विचारलं तेव्हा पेटीवर बसून त्यांनी सांगितलं, "काय सांगू वं. एकदा म्हटलं, वरणात मीठ टाकायचं मी विसरली. तर ते मासिकात छापून आलं. माझ्या भावानं फोन करून विचारलं, ताई, तुझं घरी काही बिनसलं का. तेव्हापासून मी ठरवलं, या माणसासमोर शब्द काढायचा नाही." मीठ हवं असलं की त्या चिमूट दाखवत. पाहुणे आले की भुवया उडवत. सिलिंडर संपला की दोन्ही हात झटकत. सरांना वाटायचं, वयाबरोबर बायको अंतर्मुख होत चालली आहे.

माझ्या तोंडाला मात्र आवर नाही, आणि त्याची शिक्षा मला सीताबर्डीवरच्या एका हॉलात मिळाली. सरांचं कवितावाचन होतं. काकू येणार म्हणून मीही गेले. सर उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कवितेचं नाव, स्त्री एक." मग त्यांनी वाचलं:

पेटी
उलटी ठेवली
तर तुला
उलटा ठेवीन
खाली
पेपर टाकून

हे मी आदल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्याला म्हटलं होतं. जसंच्या तसं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक गृहस्थ म्हणाले, श्रमाची भाषा. दुसरे म्हणाले, वस्तुकरणाविरुद्धचा संताप. माझ्या शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हीपण लिहिता का?" मी म्हटलं, "नाही, मी नुसती बोलते." काकूंनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली आणि भुवया उडवल्या. त्यांना विचारायचं होतं, स्त्री दोन कोण.

कार्यक्रम संपल्यावर मी सरांना जिन्यातच धरलं. "तोंड माझं, अन् हार तुमच्या गळ्यात?"

"बाई, शब्द तुमचेच. मी फक्त ओळी तोडल्या."

"तोडल्या ना? मग फुटलेल्या मालाचे दाम भरा."

"थांबा, पुन्हा..."

मी त्यांच्या हातातला फोन घेतला, बंद केला आणि परत दिला. दोन शनिवार मी वर गेले नाही. तिसऱ्या शनिवारी ते स्वतः खाली आले, चहाचा कप घेऊन, आणि पेट्यांमध्ये उभे राहून वाचायला लागले. गिऱ्हाईक समोर होतं. मी त्यांना वर नेलं.

पण त्या हॉलमधल्या टाळ्यांनी एक झालं. ती कविता छापून आली, कुणीतरी ती मार्केटात वाचून दाखवली, आणि लकडगंज सावध झालं. सर येताना दिसले की हमाल गप्प. चहावाला ग्लास ठेवून पळायचा. पानठेल्यावर दिवसभर राजकारण चालायचं, सर दिसताच सगळे सुपारीकडे बघायला लागायचे. माझा ड्रायव्हर शब्बीर तर सरांशी फक्त मान हलवून बोलायचा. सरांना कच्चा माल मिळेना. एका शनिवारी ते म्हणाले, "शब्द संपले, बाई. आता स्पर्श." मी काकूंकडे बघितलं. काकूंनी कपाळाला हात लावला.

स्पर्शाचं हे खूळ त्यांना माझ्याकडूनच लागलं. काटोलकडे काही जुने बागायतदार संत्र्याच्या बागेचा सौदा अजून दुपट्ट्याखाली करतात. विकणारा आणि घेणारा शेजारी बसतात, हातांवर दुपट्टा टाकतात आणि आत एकमेकांची बोटं धरून भाव बोलतात. सभोवताली बसलेल्यांना काही कळत नाही. पटलं की अख्खा पंजा दाबायचा आणि दुपट्टा ओढून घ्यायचा. दुपट्टा निघाला की अख्खी बाग तुमची, फळ येवो की गळो. कागद नाही, सही नाही आणि माघारही नाही.

हा पुरुषांचा कारभार. परक्या बाईचा हात दुपट्ट्याखाली धरायचा कसा, म्हणून सुरुवातीला मला कुणी हात द्यायचं नाही. मला भाव तोंडाने सांगावा लागे. तो ऐकून दुसरा एखादा व्यापारी थोडा वर चढे आणि बाग घेऊन जाई. मला पहिला हात दिला तो मनोहरभाऊंनी. त्यांची बाग त्या भागात नावाजलेली. चार लोक बसले असताना ते म्हणाले, "धंद्यातला हात हा हातच असते. आण इकडे, बाई." मग इतरांनाही द्यावा लागला. त्या हाताने केलेला सौदा मी एकदाही मोडला नाही. एकदा मोडला असता तर लोक मला नाही, बायकांना नावं ठेवून मोकळे झाले असते आणि पुन्हा मला हात मिळाला नसता. गाळा कुठेही मिळतो. माझी खरी दुकानदारी त्या हातात होती.

हे मी सरांना शनिवारच्या चहावर सांगितलं, नुसतं त्यांचं वाचन थांबावं म्हणून. ते उभेच राहिले. "म्हणजे दोन माणसं, वर कापड, खाली अर्थ. बाई, हीच कविता मी शोधतो आहे. मला काटोलला न्या."

"आधी गाळ्याचं छत दुरुस्त करा. मग नेतो."

चार दिवसांत छत दुरुस्त झालं. मला वाटलं, याही वेळी मीच जिंकले.

मृग बहाराची, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुललेली फळं झाडांवर चांगली भरली होती. मनोहरभाऊंच्या बागेत बाज टाकलेली, शेजारी दोन बागायतदार आणि सर बसलेले, चहा झालेला. मी आणि मनोहरभाऊ दुपट्ट्याखाली बराच वेळ होतो. ते खाली येईनात, मी वर जाईना. अशा वेळी उठून बागेत एक चक्कर मारायची ही माझी रीत आहे. विकणाऱ्याला वाटतं, बाई चालली. आणि मला मागच्या झाडांखाली किती फळ गळून पडलं आहे ते बघता येतं. उठताना मी सरांना बजावलं, "सर, इथून हलू नका. अन् कोणाशी बोलू नका."

ते बोलले नाहीत. तेवढं मात्र खरं.

मी परत आले तर सगळे उभे होते आणि मनोहरभाऊंच्या हातात पेढ्यांचा डबा होता. "घ्या बाई, तोंड गोड करा."

"काहाचं?"

"सौदा झाला ना."

"कोणासंग?"

त्यांनी बाजेकडे बोट केलं. सर माझ्या जागेवर बसले होते आणि आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होते, जणू तो आजच बसवून मिळाला आहे.

"तुमच्या गाडीतून उतरले, तुमच्या जागेवर बसले, हात समोर केला," मनोहरभाऊ म्हणाले. "मले वाटलं, तुमचे पार्टनर असतील. बाईनं आपल्या मानसाले बसवून दिलं."

"कितीत?"

त्यांनी माझा हात धरून बोटांनी सांगितलं. मला वाटलं, चुकून सांगितलं. मी पुन्हा हात पुढे केला. तोच आकडा आला. त्यांनी स्वतः मागितलेल्या भावापेक्षाही तो वर होता.

"भाऊ, तुमीच मांगितलं त्याच्यावर?"

"मी तं थांबलो होतो, बाई. सरच चढत गेले. मी एक बोट दाबलं का ते दोन दाबत. मले वाटलं, नागपुरात भाव वाढून राहिले."

मला एवढंच म्हणायचं होतं की हा माणूस माझा कुणी नाही, हा माझा घरमालक आहे आणि डोक्याने कवी आहे. ते खरंही होतं. पण बसलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्याला हळू म्हणाला, "पाह्य आता, बाई फिरते." मी ऐकलं. मी डब्यातला पेढा घेतला आणि खाल्ला. तसा कडू पेढा मी जन्मात खाल्लेला नाही.

मी गाडी रस्त्याला लागू दिली. मग म्हटलं, "काय केलं तुमी, सर? काय केलं?"

"लय होती, बाई. आधी अंगठा, मग दोन बोटं, मग थांबा. आणि तो उत्तर देत होता. मी काही म्हटलं की तो काही म्हणत होता."

"भाव सांगून राहिला होता तो तुमाले."

सर माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला क्षणभर वाटलं, आता माफी मागतील. "म्हणजे त्याला कळत होतं?"

"कळत नसतं तं बाग माझ्या गळ्यात पडली असती?"

"शेवटपर्यंत कळलं?"

"शेवटपर्यंत कळलं. पेढे वाटले त्यानं."

ते सीटवर मागे टेकले. "इतकी वर्षं लिहितो आहे मी. माझी कविता पूर्ण समजलेला हा पहिला माणूस."

"अन् विकत घेतलेली मी पहिली."

शब्बीर आजवर सरांसमोर एक शब्द बोलला नव्हता. तो समोर बघत म्हणाला, "सर, आपकी किताब तो पहले ही दिन बिक गई." मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिले, कारण आत बसले असते तर माझा हात उठला असता. सर पाण्याची बाटली घेऊन खाली आले. मी म्हटलं, "सर, एक शब्द काढला तं इथंच सोडून जाईन." नागपूर येईपर्यंत त्यांनी शब्द काढला नाही. बोटं मात्र सारखी गुडघ्यावर चालू होती.

त्या हंगामात मी बागेत घातलं ते बाजारात निघालं नाही. माझी माल वाहायची लहान गाडी विकावी लागली. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी सर खाली आले आणि म्हणाले, वर्षभर भाडं देऊ नका. मी म्हटलं, "भाडं मी देतो. तुमी शनिवार बंद करा." त्यांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "भाडं सोडतो. शनिवार नाही." मी आयुष्यात पुष्कळ लोकांना खाली आणलं आहे. हा एकच माणूस हलला नाही.

तोडणी संपल्यावर मनोहरभाऊ काटोलच्या बसने लकडगंजात आले. गाळ्यात बसले, टोपी काढली. "बाई, मले नंतर कळलं, ते कवी हायेत. खरं सांगतो, हात धरला तवाच शंका आली होती. मऊ हात. भाव करून राहिला का ढोलकी वाजवून राहिला, समजे ना. तुमचं नुकसान झालं. थोडं मी सोडून देतो."

मला एवढा राग आला की मी उभी राहिले. "शंका आली होती तं दुपट्टा काहून ओढला?"

"लोभ झाला," ते म्हणाले. मी परत पेटीवर बसले.

"ठेवा तुमच्यापाशी. झालेल्या सौद्यात मी सूट घेतली तं उद्या सारं काटोल म्हणेल, बाईले सांभाळून घ्या लागते. मले सांभाळून घेऊ नका."

ते टोपी घालून उठले, जिन्यापाशी थबकले आणि विचारलं, "सर वर हायेत का?"

त्यानंतर मनोहरभाऊ नागपुरात कामाला आले की वर जाऊ लागले. तास तास बसायचे. काकूंनी खाली येऊन मला सांगितलं, "दोघं दुपट्टा टाकून बसतात आणि बोलत नाहीत. माझं बरं झालं. चहा दिला की सुटली मी." मी खाली पेट्यांचा हिशोब जुळवत बसले होते आणि वरून त्या दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. माझ्या नुकसानीतून सरांना श्रोता मिळाला होता, फुकट.

एकदा शेवटची बस चुकू नये म्हणून मी मनोहरभाऊंना सांगायला वर गेले. दिवाणावर दोघे शेजारी बसले होते, मधे दुपट्टा. सरांचे डोळे मिटलेले. मी मनोहरभाऊंना विचारलं, "कळते का काही?"

"कायी नाही कळत. पण हात धरून बसतात, बरं वाटते. माही बायको गेल्यापासून कोणी धरला नव्हता."

मी तिथे उभी राहिले. उन्हाळ्याचे दिवस होते. बागांचं पाणी तोडलेलं होतं, झाडं ताणावर होती, फूल यायला महिना होता. अशा वेळी कुणी बाग घेत नाही, कारण बहार फुटेल की नाही हेच ठाऊक नसतं. मी दिवाणावर सरांच्या दुसऱ्या बाजूने बसले, वाकून दुपट्ट्याखाली हात घातला, सरांची बोटं बाजूला केली आणि मनोहरभाऊंचा हात धरला. येत्या बहाराचा एक आकडा दिला, फळ लागल्यावरच्या भावापेक्षा पुष्कळ खालचा. गेल्या वर्षी माझं जे गेलं होतं ते त्यातून परत येणार होतं, आणि बहार फसला तर माझं आणखी जाणार होतं. ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

मनोहरभाऊंनी बोट दाबून थोडं वर मागितलं. मी तोच आकडा पुन्हा दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अख्खा पंजा दाबला आणि दुपट्टा ओढून खांद्यावर टाकला.

सरांनी डोळे उघडले. "काय म्हणालात बाई तुम्ही?"

मी मनोहरभाऊंकडे बघितलं. ते चपला शोधत होते.

"सांगा ना. काय झालं आत्ता? भाऊ काय म्हणाले?"

त्यांच्या घरात, त्यांच्या दिवाणावर, त्यांच्याच मांडीवरून सगळं झालं होतं आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या हाती लागलं नव्हतं. ते कधी माझ्याकडे, कधी मनोहरभाऊंकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बस निघून जाईल, भाऊ," आणि मनोहरभाऊंना घेऊन जिना उतरले. माझा राग कमी झाला असेल तर तेवढाच.